धंदा तिचा, पासवर्ड कोणाचा?

ऑनलाइन धंदा कसा करावा हे शिकवणाऱ्यांची सध्या कमतरता नाही. रील किती सेकंदांचे असावे, पोस्ट सकाळी टाकावी की रात्री, हॅशटॅग कोणते लावावेत, फोटो काढताना उजेड कुठून यावा, यावर हवे तेवढे ज्ञान फुकट मिळते. घरून वस्तू विकणाऱ्या आपल्या समाजातल्या बायका ते ऐकतात, आणि ऐकावेच; त्यातले बरेच उपयोगी आहे. पण या सगळ्या शिकवणीत काही साधे प्रश्न राहून जातात. ज्या नंबरवर ऑर्डर येते ते सिम कोणाच्या नावावर आहे? ज्या क्यूआर कोडवर पैसे जमा होतात ते बँक खाते कोणाचे? इन्स्टाग्रामच्या पेजचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे?

मीरा रोडला किंवा भाईंदरला ओळखीच्या चार घरांत विचारून पाहा. सिम मोठ्या मुलाच्या नावावर, क्यूआर शोहरचा, पेज भाच्याने काढून दिलेले, अशीच उत्तरे बहुधा मिळतील. पहाटे उठून मसाला भाजणारी, रमजानच्या आधी समोशाच्या पट्ट्या लाटून त्यांची पाकिटे भरणारी, अबायाला हाताने खडे लावणारी बाई या कागदांत कुठेच नसते. लोक तिला कौतुकाने 'बिझनेसवुमन' म्हणतात. कागदोपत्री ती अजूनही घरातली मदतनीस आहे.

हा विषय सुचायला डोंगरी हे गाव कारण झाले. डोंगरी म्हटले की वाचकांना मुंबईतली आठवेल, सँडहर्स्ट रोड स्टेशनजवळची. मी म्हणतो ती डोंगरी मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत, पश्चिमेला, उत्तनच्या वाटेवर आहे. भाईंदर स्टेशनवरून उत्तनची बस धरली की मुर्धा, राई, मोर्वा अशी गावे मागे टाकत तिकडे पोचता येते. ऑनलाइन विक्री करणाऱ्याला हा फरक पहिल्याच पार्सलला कळतो. पत्त्यात नुसते 'डोंगरी' लिहिले आणि पिन कोड चुकला, तर ४०११०६ चे पार्सल ४००००९ ला जाऊन फिरून यायचे. एकीकडे मुस्लिम वस्तीसाठी ओळखली जाणारी डोंगरी, दुसरीकडे बेथलेहेम मातेचे चर्च असलेली ख्रिस्ती कोळ्यांची आणि ईस्ट इंडियनांची डोंगरी. नाव एकच.

डोंगरी, उत्तन, पाली, चौक या किनारपट्टीवर पावसाळा सरला की बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत लटकलेले दिसतात. पुरुष दर्यावर जातात. मासळी किनाऱ्याला लागली की पुढचा व्यवहार बायकांचा. भाव कोणी करायचा, उधारी कोणाला द्यायची, सुकट-जवळा आत्ता काढायचा की आगोटीच्या खरेदीपर्यंत राखून ठेवायचा, हे कोळीण ठरवते. मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारापर्यंत माल घेऊन जाते ती तीच. पैशाचा बटवा तिच्या कमरेला असतो आणि घरात खर्चाला पैसे मागायचे तर नवऱ्याला तिच्याकडे हात पसरावा लागतो. या बायकांचे आयुष्य सोपे आहे असे मी म्हणत नाही. उन्हात बसणे आहे, बाजारात जागेची भांडणे आहेत, मासळी कमी होत चालली आहे. पण गिऱ्हाईक तिला ओळखते, तिच्याच नावाने ओळखते, आणि पैसे तिच्या हातात देते. तिच्या घरातल्या कोणालाही हे वावगे वाटत नाही.

आता हीच नजर घेऊन पूर्वेला, नयानगरच्या इमारतींकडे वळू. २००६ साली सच्चर समितीने आपला अहवाल दिला. आरक्षण आणि शिक्षण यांवरची त्यातली पाने पुष्कळ चर्चिली गेली. बायकांच्या कामाबद्दलची एक नोंद फारशी कोणी उचलली नाही. काम करणाऱ्या मुस्लिम बायकांपैकी सुमारे ७० टक्के आपल्या घरातच बसून काम करतात, आणि सगळ्या समाजांच्या कष्टकरी बायका मिळून पाहिले तर हे प्रमाण ५१ टक्के आहे, असे तो अहवाल सांगतो. घरात बसून म्हणजे जरीकाम, शिलाई, काजबटण, अगरबत्ती, पापड. माल आणून देणारा आणि तयार माल घेऊन जाणारा एक दलाल असायचा. बाजार कुठे आहे, वस्तू कितीला विकली जाते, गिऱ्हाईक काय म्हणते, यातले काहीच तिला कळत नसे. नगावर मजुरी मिळे, तीही अनेकदा घरातल्या पुरुषाच्या हातात.

मोबाइलने या दलालाला बाजूला केले, ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिचे मोल कमी लेखू नये. जिला उंबरठा ओलांडायला परवानगी लागायची तिचे गिऱ्हाईक आता थेट तिला विचारते, "बाजी, उद्या दोन किलो मिळेल का?" व्हॉट्सॲपचे धंद्यासाठीचे वेगळे ॲप भारतात २०१८ च्या जानेवारीत आले. वस्तूंची यादी, फोटो आणि भाव त्यात फुकट लावता येतात. दुकानाची पागडी नाही, गाळ्याचे भाडे नाही. सच्चर समितीच्या वेळी घरबसल्या काम हा सापळा होता, आज त्याच घरातून बाजारात जायचा रस्ता निघाला आहे.

फक्त दलाल गेला ती जागा रिकामी राहिली नाही. ती घरातल्याच कोणीतरी घेतली, आणि बहुतेक वेळा अगदी प्रेमाने घेतली. "अम्मी, तुला काय कळतंय त्यातलं, मी करून देतो." मुलगा चांगला असतो, शोहरही वाईट नसतो. म्हणूनच या गोष्टीकडे कोणी प्रश्न म्हणून पाहत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतले, म्हणजे २०१९-२१ चे, दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. देशातल्या ७८.६ टक्के बायकांचे स्वतः वापरायचे बँक खाते आहे. स्वतः वापरायचा मोबाइल मात्र ५३.९ टक्के बायकांकडेच आहे. खाते आहे, पण ते चालवायचे साधन हातात नाही, अशा बायकांची संख्या या दोन आकड्यांमधल्या फटीत दडलेली आहे. आणि आजच्या व्यवहारात मोबाइल नसला तर खाते असून नसल्यासारखे.

हे कसे, ते जरा तपशिलाने पाहू. यूपीआय चालते ते बँकेत नोंदवलेल्या मोबाइल नंबरवर. ॲप सुरू करताना त्याच सिमवरून बँकेला संदेश जातो, तेव्हा कुठे खाते जोडले जाते. बाईचे जनधन खाते दहा वर्षांपूर्वी उघडताना फॉर्मवर घरातल्या पुरुषाचा नंबर टाकला असेल, तर तिच्या पैशांचा प्रत्येक संदेश त्याच्या फोनवर जातो आणि ती स्वतःच्या खात्यावर यूपीआय सुरूच करू शकत नाही. मग सोपा उपाय म्हणून त्याच्याच खात्याचा क्यूआर छापून डब्यावर चिकटवला जातो. व्हॉट्सॲपचेही तसेच. नवीन फोनवर ते सुरू करायचे तर सहा आकडी कोड सिमवर येतो. सिम ज्याच्याकडे, खाते त्याचे. पाच वर्षे जमवलेली गिऱ्हाइके, वस्तूंची यादी, सगळे एका कोडसरशी दुसऱ्याच्या हातात जाऊ शकते. यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. प्रीपेड नंबर सलग नव्वद दिवस वापरात नसेल तर कंपनी तो बंद करून पुढे दुसऱ्याला देऊ शकते. मुलगा परदेशी गेला, त्याच्या नावावरचे सिम रिचार्जवाचून पडून राहिले, की अम्मीचा धंदा आपोआप बंद. ते सिम परत मिळवायला ती दुकानात गेली तर तिथे आधार कार्ड मुलाचेच लागते.

फेसबुक पेज किंवा इन्स्टाग्राम खात्यात तर नावाचा कागदही नसतो. ज्याच्या ईमेलवर आणि नंबरवर ते उघडले तो मालक. भावाभावांत वाद झाला, तलाक झाला, कोणाचे निधन झाले, की पेज कोणाचे हे सिद्ध करायला बाईकडे काहीही उरत नाही. मेहेर आणि दागिने यांवर भांडायला निदान वकील सापडतो. चार हजार फॉलोअर असलेल्या पेजवर हक्क सांगायचा तर त्या पेजवर तिचे नाव असल्याची एक तरी खूण लागते, आणि ती कुठेच नसते.

सगळ्यात मोठे नुकसान मात्र कोणाशी भांडण न होता होते, आणि ते मला अधिक लागते. समजा एखादी बाई महिन्याला तीस हजारांचा माल विकते. हे सगळे पैसे शोहरच्या खात्यात जमा होतात. तीन वर्षांनी तिला मोठा ओव्हन घ्यायचा आहे, किंवा दोन शिलाई मशीन. ती बँकेत जाते. २०१५ पासून मुद्रा योजना आहे, पन्नास हजारांपर्यंतच्या 'शिशु' कर्जाला तारण लागत नाही. बँकेचा अधिकारी विचारतो, व्यवहार दाखवा. तिच्या खात्यावर दाखवायला काय आहे? गॅसची सबसिडी आणि एखाद्या योजनेचे पंधराशे रुपये. तीन वर्षांत तिने दहा लाखांच्या वर माल विकला, पण बँकेच्या हिशेबी तिने एक रुपयाही कमावलेला नाही. तिची सगळी पत शोहरच्या नावावर जमा झाली. तिने ती दिली नव्हती, कोणी मागितलीही नव्हती. क्यूआर सोयीचा होता, एवढेच.

इथे कोणी दीनाचा दाखला देईल, म्हणून त्याबद्दलही बोलू. हजरत खदीजा (रजि.) मक्केत व्यापार करत होत्या तो स्वतःच्या मालाचा आणि स्वतःच्या नावाने. शामकडे जाणाऱ्या काफिल्यात त्यांचा माल घेऊन पैगंबर (स.) गेले ते त्यांनी नेमले म्हणून. सूरह निसामध्ये पुरुषांच्या कमाईत पुरुषांचा आणि बायकांच्या कमाईत बायकांचा हिस्सा सांगितला आहे, हे प्रत्येक जुम्याच्या बयानात नाही तरी वर्षातून एकदा ऐकू येतेच. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकरातली, नमाज-रोजाबद्दलची नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे: काय लिहावे, कोणी लिहावे, साक्षी कोण. व्यवहाराच्या कागदाला इतके महत्त्व देणाऱ्या परंपरेत वाढलेल्या आपण बायकांच्या धंद्याच्या बाबतीतच "घरातलेच तर आहे, कागद कशाला" असे म्हणतो, याचे मला नवल वाटते.

नावाचा प्रश्न घरात संपत नाही. तो बाहेर निघाल्यावर दुसरे रूप घेतो: पेजवर मुस्लिम नाव लावावे की लावू नये?

हा प्रश्न उगाच आलेला नाही. २०१९ च्या जुलैत जबलपूरच्या एका गिऱ्हाइकाने डिलिव्हरी करणारा मुस्लिम आहे म्हणून झोमॅटोवरची ऑर्डर रद्द केली. कंपनीने तेव्हा अन्नाला धर्म नसतो अशा अर्थाचे उत्तर दिले, त्याचे स्वागत झाले, पण ते उत्तर देणाऱ्या कंपनीलाही शिव्या खाव्या लागल्या. २०२० च्या एप्रिलमध्ये तबलीगी जमातच्या निमित्ताने मोबाइलवर जे पसरले त्याचा मार भाजीच्या हातगाडीवाल्यांना बसला. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केल्याचे नमूद केले. न्यायालयाचे हे म्हणणे त्या भाजीवाल्यांची तुटलेली गिऱ्हाइके परत आणू शकत नव्हते. २०२४ च्या जानेवारीत आपल्याच मीरा रोडला हिंसा झाली आणि दोन दिवसांत नयानगरात बुलडोझर आले. त्या आठवड्यात किती जणींनी आपल्या पेजवरचे नाव बदलले असेल याची नोंद कुठेही सापडणार नाही. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाणावळींना मालकाचे नाव लावायची सक्ती झाली. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला तिला स्थगिती दिली: काय पदार्थ विकता ते सांगा, मालक-नोकरांची नावे सांगायची सक्ती नको. आणि २०२५ च्या मार्चमध्ये महाराष्ट्राच्या एका मंत्र्याने हिंदू मटण दुकानदारांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्राची घोषणा केली. मटणाच्या दुकानालाही धर्माचा शिक्का मिळाला.

हे सगळे पाहून एखादीने पेजचे नाव 'समीना'ज किचन' ऐवजी 'होम टेस्ट' ठेवले, तर तिला भित्री म्हणण्याचा अधिकार मला नाही. धंद्याला कोणते नाव द्यायचे हा मालकिणीचा निर्णय आहे. नाव लावायची सक्ती नको हे न्यायालयाने सांगितले तसेच नाव लपवायचीही सक्ती नको, मग ती बाजाराच्या भीतीने आलेली असो की घरच्यांच्या काळजीने. माझे म्हणणे एवढेच की पाकिटावर, पावतीवर आणि बँकेत तिचे खरे नाव असावे. खाद्यपदार्थ विकणाऱ्या छोट्या घरगुती उद्योगालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. २०११ च्या नियमावलीत वर्षाला बारा लाखांच्या आतल्या उलाढालीसाठी ती अगदी सोपी ठेवली, शुल्क वर्षाला शंभर रुपये. मसाल्याच्या पाकिटावरचा तो नोंदणी क्रमांक हे अफवेला दिलेले सर्वांत स्वस्त उत्तर आहे. 'थुंकी'च्या व्हिडिओवर वाद घालून कोणाचे मत बदललेले मी पाहिलेले नाही. नोंदणी क्रमांक, मालकिणीचे नाव आणि पत्ता असलेले स्वच्छ पाकीट दोनदा घरी आले की तिसऱ्यांदा ऑर्डर येते, हे मात्र पाहिले आहे.

याच संदर्भात आपल्याकडच्या एका सवयीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. "फक्त मुस्लिम बहिणींकडून घ्या" असे गट व्हॉट्सॲपवर जोरात आहेत. अडचणीच्या काळात ते आधारासाठी उभे राहिले, त्यांनी अनेकींची पहिली ऑर्डर मिळवून दिली, हे खरे. पण तिकडचे "त्यांच्याकडून घेऊ नका" आणि इकडचे "आपल्यांकडूनच घ्या" या दोन वाक्यांनी बाजाराच्या मधोमध एकच भिंत उभी राहते, दोन्ही बाजूंनी लिंपलेली. शिवाय साधा हिशेब पाहा. अडीचशे जणींच्या गटात पन्नास जणी बिर्याणी विकत असतील तर ती खाणार कोण? दर आठवड्याला कोणीतरी भाव वीस रुपयांनी उतरवते आणि सगळ्याच जणींची मजुरी मातीमोल होते. उत्तनची कोळीण टोपली घेऊन बसते तेव्हा समोरून येणारा गुजराती आहे की मलबारी, नमाजी आहे की क्रिस्ताव, हे विचारत नाही. तिला विचारायचे असते ते एवढेच: "किती देऊ?"

आता चेहऱ्याचा प्रश्न. २०२१ च्या जुलैत 'सुल्ली डील्स' आणि २०२२ च्या १ जानेवारीला 'बुल्ली बाई' या नावांनी मुस्लिम बायकांचे फोटो त्यांच्या समाजमाध्यमांवरून उचलून 'लिलावाला' लावले गेले. पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, विद्यार्थिनी होत्या. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी काही दिवसांत राज्याबाहेर जाऊन अटका केल्या. तो घाव अजून ताजा आहे, आणि ज्या घरात हे वाचले गेले त्या घरातल्या पुरुषांची काळजी खोटी नाही. पण त्यावर अनेक घरांनी शोधलेला उपाय कोणता? बाईचा फोन काढून घेणे, नाहीतर पेज पुरुषाच्या ताब्यात देणे. गुन्हा ज्यांनी केला ते मोकळे आणि बंदी जिच्यावर गुन्हा झाला तिला.

बिर्याणी विकायला चेहरा लागत नाही. हात दिसले, पातेले दिसले, वाफ दिसली, आवाज ऐकू आला तरी भागते. ज्यांना चेहरा दाखवायचा आहे त्यांनी दाखवावा. घरचा नंबर आणि धंद्याचा नंबर वेगळा ठेवला, घराच्या दारावरचा फोटो टाकला नाही, तर अर्धी डोकेदुखी तशीच टळते. गिऱ्हाइकांचा गट बनवला की प्रत्येकाला प्रत्येकीचा नंबर दिसतो आणि मग रात्री अकराला 'हाय' येऊ लागते. त्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी केली तर संदेश प्रत्येकाला वेगळा जातो, एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. मात्र तो पोचतो फक्त ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच, आणि एका यादीत २५६ पेक्षा जास्त नावे बसत नाहीत. छोट्या धंद्याला तेवढी पुरतात.

आणि कोणी त्रास दिलाच तर? २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी प्रत्येक मोठ्या कंपनीवर तक्रार अधिकारी नेमायचे बंधन घातले आहे, आणि त्याच्या निर्णयावर अपील करायला २०२३ पासून केंद्राच्या समित्या आहेत. पैशांची फसवणूक झाली तर १९३० हा क्रमांक लगेच फिरवायचा. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. आपल्या भागाला २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार असे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. घरातल्या पुरुषाला मदतच करायची असेल तर त्याने तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जावे. तक्रार मात्र तिच्या नावाने असावी.

फसवणुकीची एक ठरलेली युक्ती इथे सांगून ठेवतो, कारण घरगुती जेवण विकणाऱ्यांवर ती फार वापरली जाते. फोनवरचा माणूस आपण लष्करी छावणीतून बोलतो असे सांगतो, पन्नास माणसांची ऑर्डर देतो, आगाऊ रक्कम पाठवतो म्हणून एक क्यूआर धाडतो आणि स्कॅन करून पिन टाकायला लावतो. पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. गंमत अशी की क्यूआर शोहरचा आणि फोन मुलाकडे असलेल्या घरात ही फसवणूक कोणाची झाली, कोणी तक्रार करायची, यावरच दोन तास जातात, आणि तेच दोन तास महत्त्वाचे असतात.

आणखी एक गोष्ट या माध्यमांबद्दल. ती आपली नाहीत. २९ जून २०२० ला सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होते. त्यावर लाखांनी चाहते जमवलेल्या गावोगावच्या मुलामुलींचा बाजार एका रात्रीत उठला. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही सुमारे सहा तास बंद पडले. आपल्याकडे रात्र होती म्हणून फारसे बिघडले नाही, दुपार असती तर डबेवाल्या बायकांचे काय झाले असते? शंभर पानी वहीत गिऱ्हाइकाचे नाव, नंबर, इमारत, शेवटची ऑर्डर आणि बाकी लिहून ठेवणारी बाई अशा दिवशी निदान फोन तरी करू शकते. ती वही हा तिच्या धंद्याचा असा एक भाग आहे की जो कोणी बंद करू शकत नाही, फक्त ती तिच्याच कपाटात असावी.

आपल्या चळवळीने आजवर तलाक, पोटगी, शिक्षण यांवर बायकांच्या बाजूने आवाज उठवला. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम बायका मुंबईत सचिवालयावर गेल्या, तेव्हाही प्रश्न एका अर्थाने हाच होता: या बाईचे म्हणणे तिच्या स्वतःच्या नावाने ऐकले जाणार की नाही. आज त्या लढ्याचा एक तुकडा मोबाइलच्या दुकानात आणि बँकेच्या काउंटरवर येऊन पडला आहे. म्हणून माझी सूचना आहे की पुढचे 'डिजिटल मार्केटिंग शिबिर' घेण्याऐवजी मीरा-भाईंदरमध्ये एक रविवार टेबल लावून बसावे. येणाऱ्या प्रत्येकीने आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक आणावे. सिम तिच्या नावावर करण्याचा अर्ज त्याच दिवशी भरावा. 'संचार साथी'वर तिच्या नावावर आत्ता किती सिम आहेत तेही पाहून घ्यावे. बँकेतला नंबर बदलण्याचा अर्ज भरून ठेवावा, सोमवारी तो शाखेत द्यायला कोणीतरी बरोबर जावे. उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे आणि तिला शुल्क नाही. कोणी एजंट त्याचे हजार रुपये मागत असेल तर त्याला दार दाखवावे. पेजचा ईमेल बदलून तिचा करावा, व्हॉट्सॲपला दुहेरी पडताळणीचा पिन लावावा, आणि तो पिन घरातल्या कोणालाही न सांगता तिने लक्षात ठेवावा. शोहर नाराज झाले तर त्यांनाही खुर्ची द्यावी, चहा द्यावा आणि तीस हजार गुणिले छत्तीस महिने हा गुणाकार त्यांच्यासमोर करावा. बहुतेकांना तो पटतो, कारण कर्ज शेवटी घरालाच मिळणार असते.

असेच एक टेबल डोंगरीतही लावता येईल, चर्चच्या लोकांशी बोलून. बाजारातला बटवा हातात असलेल्या कोळिणींनाही फोनवर ऑर्डर घ्यायची वेळ आली की सिम आणि क्यूआर मुलाच्या नावाने निघू लागतो. नव्या बाजारात त्या आपल्याच वाटेने चालल्या आहेत, आणि त्यांना ते अजून जाणवलेले नाही. त्यांच्याकडून आपल्या बायकांना भाव कसा धरून ठेवायचा ते शिकता येईल. आपल्या काही जणींना पाकिटबंद मसाल्याच्या नोंदणीचा अनुभव आहे, तो सुक्या जवळ्याच्या पाकिटाला उपयोगी पडेल. डोंगरीचे टेबल आगोटीच्या आत लागायला हवे, कारण त्यानंतर सुक्या मासळीची गिऱ्हाइके वर्षभराचे घेऊन गेलेली असतात. मीरा रोडचे शाबान महिन्यात लावावे. रमजानचा चांद दिसल्यावर समोशाच्या पट्ट्यांतून डोके वर काढायला कोणाला सवड नसते.